क्रोमियमची गोळी आणि उंदरांचा पिंजरा

सोलापुरात शिक्षकांच्या एका बैठकीनंतर एका गुरुजींनी आमच्यापुढे गोळ्यांची बाटली ठेवली. 'क्रोमियम पिकोलिनेट, २०० मायक्रोग्रॅम' असे तिच्यावर छापले होते. गुरुजींना मधुमेह आहे. "या गोळ्या सुरू केल्या तर डॉक्टरांचे औषध बंद करता येईल का?" असा त्यांचा प्रश्न होता. 'नाही' हे उत्तर एका शब्दाचे. परंतु ते कसे ठरले याचा इतिहास वर्गात सांगण्याजोगा आहे.

१९५० च्या दशकात अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत क्लाउस श्वार्झ आणि वॉल्टर मेर्ट्झ हे उंदरांच्या आहाराचा अभ्यास करीत होते. टोरुला नावाच्या यीस्टवर पोसलेल्या उंदरांना ग्लुकोज टोचले, की ते रक्तातून फार सावकाश कमी होई. बिअर बनविण्याचे यीस्ट किंवा डुकराचे मूत्रपिंड आहारात दिले, की सुधारणा दिसे. म्हणजे या पदार्थांत काहीतरी उपकारक घटक असला पाहिजे. १९५७ साली त्यांनी त्याला 'ग्लुकोज सहनशीलता घटक' असे नाव दिले आणि १९५९ साली त्रिसंयुजी क्रोमियम हाच त्यातील क्रियाशील भाग असल्याचे जाहीर केले.

माणसातील पुरावा १९७७ साली टोरांटोहून आला. डॉ. जीजीभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांची एक रुग्ण अनेक वर्षे केवळ शिरेवाटे दिलेल्या पोषणावर जगत होती. तिचे वजन घटले, मज्जातंतू दुबळे झाले आणि रक्तातील साखर आवरेना. पोषणद्रावात रोज २५० मायक्रोग्रॅम क्रोमियम दोन आठवडे मिसळल्यावर इन्सुलिनची गरजच उरली नाही. क्रोमियम हे आवश्यक मूलद्रव्य म्हणून पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. पाठोपाठ बाजार आला. 'चरबी घटवा, स्नायू कमवा' अशा जाहिराती सुरू झाल्या. पुराव्याविना असे दावे करण्यास १९९६ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हरकत घेतली.

परंतु मूळ प्रयोगातच एक गाठ राहून गेली होती. उंदरांच्या आहारात क्रोमियम किती होते, हे मोजलेलेच नव्हते. शिवाय उंदीर धातूच्या जाळीच्या पिंजऱ्यांत राहत. स्टेनलेस स्टीलमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते आणि उंदीर जाळी कुरतडतात! १९८० च्या सुमारास मोजमापाच्या पद्धती सुधारल्या, तेव्हा रक्तातील क्रोमियमचे जुने आकडेही कित्येक पट फुगलेले असल्याचे उघड झाले. रक्त काढण्याच्या स्टीलच्या सुईतूनसुद्धा क्रोमियम नमुन्यात उतरत होते.

अलाबामा विद्यापीठात जॉन व्हिन्सेंट यांच्या गटाने धातूचा स्पर्श टाळून, अत्यल्प क्रोमियमच्या आहारावर उंदीर वाढविले. २०११ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की त्या उंदरांत कमतरतेची लक्षणे दिसलीच नाहीत. मोठ्या मात्रेत मात्र इन्सुलिनचा परिणाम थोडा वाढला. हा गुण औषधाचा झाला, पोषकद्रव्याचा नव्हे. २०१४ साली युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही क्रोमियम आवश्यक असल्याचा पुरावा नाही, असे मत दिले.

मग मधुमेहींना उपयोग होतो का? चीनमधील १८० रुग्णांवरील १९९७ च्या चाचणीत रोज १,००० मायक्रोग्रॅमने साखर बरीच उतरली. परंतु नंतरच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. २००५ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही हा संबंध 'अत्यंत अनिश्चित' ठरविला.

सुरक्षिततेबाबत दोन क्रोमियमांची गल्लत करू नये. कारखान्यांतील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. गोळीतील क्रोमियम त्रिसंयुजी असते. तोंडावाटे घेतलेल्या त्रिसंयुजी क्रोमियमपैकी सुमारे अडीच टक्क्यांहून कमीच शरीरात शोषले जाते. त्यामुळे नेहमीच्या मात्रेत सहसा अपाय दिसत नाही. तरीही १९९८ साली नोंदलेल्या एका घटनेत, वजन घटविण्यासाठी रोज १,२०० ते २,४०० मायक्रोग्रॅम क्रोमियम पिकोलिनेट काही महिने घेणाऱ्या स्त्रीच्या मूत्रपिंडाला व यकृताला इजा झाली होती. एका रुग्णावरून नियम बांधता येत नाही, पण सावध व्हावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ही गोळी परस्पर घेऊ नये. मधुमेहाच्या औषधाबरोबर घेतल्यास साखर अपेक्षेपेक्षा खाली जाऊ शकते, म्हणून डॉक्टरांना सांगावे. खरा धोका मात्र गोळीच्या भरवशावर औषध सोडण्यात आहे.

गुरुजींना आम्ही एवढेच सुचविले, की औषध चालू ठेवा आणि बाटली वर्गात न्या. पीठ मळण्याच्या परातीपासून जेवणाच्या ताटापर्यंत अन्नाला स्टील कोठे कोठे लागते, याची यादी मुलांकडून करून घ्या. मग विचारा: क्रोमियमविना उंदीर वाढवायचा, तर पिंजरा कशाचा कराल?