जिनातला कापूस आणि डोकऱ्याचा खोकला

गिरणाकाठच्या भडगावात १८७० च्या दशकात सरकारी प्रायोगिक शेती होती आणि तिच्या केंद्रस्थानी होता कापूस. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने (१८६१ ते १८६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तोडला, तेव्हा इंग्रजांची नजर खानदेशाच्या काळ्या जमिनीवर पडली. १८६० च्याच दशकात पाचोरा, जळगाव, भुसावळ या मार्गाने रेल्वे आली. घरोघरी हातचरकीवर सरकी काढणाऱ्या बायका मग वाफेवर चालणाऱ्या जिनांत रोजंदारीला जाऊ लागल्या.

घरची चरकी ओसरीत, वाऱ्यावर चालायची. जिनाची शेड बंदिस्त. कच्चा कापूस मशीनमध्ये ढकलला की रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे, आणि उरलेली सगळी माती, पाल्याचा चुरा आणि बारीक तूस हवेत. पापण्यांवर पांढरा थर चढायचा. नाकातोंडाला पदर बांधला तरी घशात खवखव राहायचीच.

१८८१ चा फॅक्टरी कायदा या शेडपर्यंत पोचलाच नाही. शंभरांहून कमी मजूर असतील किंवा वर्षात चार महिन्यांपेक्षा कमी काम चालत असेल, तर तो कारखाना कायद्याबाहेर. जिन म्हणजे हंगामी धंदा. १८८५ मध्ये मुंबईच्या फॅक्टरी कमिशनपुढे खानदेशातल्या जिनांविषयी साक्षी झाल्या, तेव्हा भर हंगामात यंत्रं रात्रंदिवस चालतात आणि तेच मजूर त्यांवर राबतात, हे कागदावर आलं. १८९१ च्या कायद्याने बायकांचा दिवस अकरा तासांवर आणला. धुळीबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

या धुळीचं शरीरात काय होतं? श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. सेकंदाला दहा-बारा वेळा ते एका दिशेने हलतात आणि जंतू, धूळ चिकटलेला कफ घशाकडे ढकलत नेतात. वय वाढलं की या केसांची हालचाल मंदावते. बरगड्यांचा पिंजरा ताठरतो, छातीचे स्नायू अशक्त होतात, त्यामुळे खोकल्यात जोर राहत नाही. खोकल्याची उबळ उशिरा येते, आणि झोपेत लाळेचे थेंब फुफ्फुसात उतरले तरी कळत नाही. जंतूंना गिळणाऱ्या पेशीही पूर्वीइतक्या चपळ नसतात.

कापसाची धूळ आणि चुलीत जळणाऱ्या पऱ्हाट्यांचा धूर याच अस्तरावर घाला घालतात. कापूस पिंजणाऱ्या-कातणाऱ्यांना सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. बिसिनोसिस नावाच्या या रोगाची ती जुनी खूण. जवसाच्या आणि भांगेच्या तंतूंच्या धुळीने कामगार कसे खोकतात, हे इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनीने १७०० मध्येच लिहून ठेवलं होतं. अशा धुळीमुळे जिनातून निघालेल्या बाईची श्वासनलिका पन्नाशीतच सत्तरीची व्हायची, आणि गाव म्हणायचं, डोकरीला, म्हणजे म्हातारीला, खोकला असायचाच.

छातीचा आजार म्हाताऱ्यांवर जास्त उलटतो, हा हिशेब १९१८ च्या साथीने उलटा केला. महाराष्ट्राच्या खेड्यांत ‘मानमोडी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या इन्फ्लूएंझाने मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं नेली आणि त्यांत वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं फार होती. म्हाताऱ्यांना तुलनेने कमी झळ लागली. तरुणपणी तशाच एखाद्या विषाणूशी त्यांची गाठ पडली असावी, असं आज बरेच शास्त्रज्ञ मानतात. बाकी वर्षी मात्र न्यूमोनिया तरुणांपेक्षा वयस्कांना अधिक गाठतो, आणि त्यांना अनेकदा ताप फारसा चढत नाही. डोकरा जेवत नाही, असंबद्ध बोलतो, भराभर श्वास घेतो, एवढंच दिसतं. उपचाराला उशीर होतो तो इथे.

२०२२-२३ च्या हंगामात भाव वाढेल या आशेने खानदेशातल्या शेतकऱ्यांनी कापूस महिनोन्‌महिने घरातच साठवला. अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी आल्या. घर लहान असलं की कापसाचा ढीग आणि म्हाताऱ्याची खाट एकाच खोलीत येतात. अशा घरी निदान खाट तरी दुसऱ्या खोलीत हलवावी, आणि इन्फ्लूएंझा व न्यूमोकोकसच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावं.