साडेचार फुटांचा आडोसा

मुलांच्या नजरेस काय पडावे आणि काय पडू नये, ही चिंता मोबाईलबरोबर आली असे आपण समजतो. खरे तर ती छापखान्याइतकी जुनी आहे. १९२५ साली भारतीय दंडविधानात दुरुस्ती झाली आणि वीस वर्षांखालील व्यक्तीला अश्लील पुस्तक विकणे हा वेगळा गुन्हा ठरला. १९४९ मध्ये चित्रपटांना ‘यू’ आणि ‘ए’ अशी प्रमाणपत्रे आली. १९५६ मध्ये मुलांच्या मनाला अपायकारक अशा प्रकाशनांविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला.

या सगळ्या कायद्यांची भिस्त एका माणसावर होती. तो म्हणजे दारावरचा माणूस. पुस्तकवाला आणि टॉकीजचा डोअरकीपर हेच कायद्याचे हात. आमचे सोलापूर गिरण्यांचे, तसेच सिनेमावेड्यांचे गाव. मिसरूड फुटले आहे की नाही, हे बघून पोराला आत सोडणारा डोअरकीपर आमच्या पिढीला चांगला आठवतो. तो कधी फसे, कधी कानाडोळाही करी. पण तो तिथे असे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. पुढे गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले. तासावर पैसे आणि प्लायवूडची केबिन! केबिनमध्ये कोण काय बघतो, हे गल्ल्यावरच्या मालकाला दिसत नसे. २००१ साली इंटरनेटवरील अश्लील मजकुराबद्दल तक्रार करणारे एक पत्र मुंबई उच्च न्यायालयात पोचले. न्यायालयाने त्यावर सहा जणांची समिती नेमली. जानेवारी २००२ मध्ये समितीने अहवाल दिला. कॅफेंना परवाना असावा, ग्राहकाने ओळखपत्र दाखवावे, अल्पवयीनांना उघड्यावरच्याच संगणकावर बसवावे, अशा तिच्या शिफारशी होत्या. मुले सुरक्षित राहतील, पण प्रत्येकाच्या मागे पाळत लागेल, अशी टीका तेव्हाही झाली. ती अगदीच गैरवाजवी नव्हती.

२०११ मध्ये केंद्र सरकारने सायबर कॅफेंसाठी नियम केले. आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको, आडोशाबाहेरच्या संगणकांचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून हवेत आणि सोबत पालक नसेल तर मुलाला केबिनमध्ये बसवायचे नाही! मला या साडेचार फुटांत मोठे शहाणपण दिसते. मुलाला बाहेर हाकलू नका. त्याला माणसांत बसवा, एवढेच तो नियम सांगतो.

पण नियम आले आणि कॅफे मात्र ओस पडत गेले. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, तशी केबिन खिशात आली. ना दार, ना डोअरकीपर. २०२० च्या टाळेबंदीत तर शाळाच मोबाईलमध्ये शिरली. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती आवश्यक मानली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली. कायदे हवेतच. पण आता दारावर उभे राहायचे आहे ते आपल्याला.

आणि इथेच आपण चुकतो. विड्या वळणाऱ्या आईच्या घरात एकच मोबाईल असतो. मुलीला त्यावर कोणी घाणेरडे चित्र पाठवले, तर पहिली शिक्षा तिलाच होते. मोबाईल काढून घेतला जातो आणि त्याबरोबर तिचा अभ्यासही जातो. धाकट्या बहिणी हे बघतात आणि तोंड मिटून घेतात. पाठवणाऱ्याला नेमके तेच हवे असते. वास्तविक २००९ पासून अमलात असलेल्या कलम ६७-ब नुसार मुलांचे अश्लील चित्रण पसरवणे गंभीर गुन्हा आहे आणि १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी मदतही मिळते. पण मूल बोललेच नाही, तर कायदा येणार कुठून?

म्हणून घरातला आडोसाही साडेचार फुटांचाच ठेवू या. मोबाईल ओसरीवर, चार माणसांत वापरू द्या. आणि मूल घाबरून काही सांगू लागले, तर आधी ऐका. हात मोबाईलकडे नको, मुलाच्या पाठीवर जाऊ दे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)