विशीतल्या डोळ्यांना ‘चाळिशी’ : जवळच्या कामाचा ताण आणि चष्म्याच्या भिंगाचा इतिहास

१. प्रस्तावना

मराठीत वाचनाच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. ‘माझी चाळिशी कुठे ठेवली?’ असे घरातली आजी विचारते, तेव्हा ती वय नव्हे, चष्मा शोधत असते. वयाचेच नाव वस्तूला पडले, यामागे एक समजूत आहे. जवळचे दाखवणारे भिंग हे उतारवयाचे साधन, तरुणांना त्याची गरज नाही, अशी ती समजूत. ती केवळ आपल्याकडे नव्हती. युरोपात ती साडेपाच शतकांहून अधिक काळ टिकली आणि तिच्यामुळे अनेक तरुण कारागिरांना आपला धंदा सोडण्याचा सल्ला ऐकावा लागला.

या पाठात आपण तीन गोष्टी पाहू : हे भिंग केव्हा आले, तरुणांना ते इतकी वर्षे का मिळाले नाही, आणि ते मिळण्यासाठी नेमके काय बदलावे लागले.

२. भिंग हाती आले

पहिला चष्मा कोणी केला हे नाव इतिहासात टिकलेले नाही. काळ मात्र बराच नेमका सांगता येतो. २३ फेब्रुवारी १३०६ रोजी जोर्दानो दा रिवाल्तो या धर्मोपदेशकाने फ्लॉरेन्समधील प्रवचनात सांगितले की, ही कला सापडून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. म्हणून चष्म्याचा जन्म १२८६ च्या सुमारास इटलीत झाला असे मानतात. पिसा येथील आलेस्सांद्रो देल्ला स्पीना या धर्मबंधूने तो पाहून स्वतः चष्मे तयार केले आणि ती कला इतरांनाही शिकवली, अशी नोंद त्याच्या मठाच्या बखरीत आहे.

हे पहिले चष्मे बहिर्वक्र भिंगांचे, म्हणजे मध्ये फुगीर असलेल्या काचांचे होते. त्यांचा पहिला उपयोग उतारवयातील वाचकांना व लेखकांना झाला. १३५२ साली तोम्माझो दा मोदेना या चित्रकाराने त्रेव्हिझो येथे भिंतीवर एका कार्डिनलचे चित्र काढले. नाकावर चष्मा, हातात लेखणी. गंमत अशी, की हे कार्डिनल १२६३ मध्येच, म्हणजे चष्मा निघण्यापूर्वी वारले होते. चित्रकाराच्या काळापर्यंत ‘वयस्क विद्वान’ म्हटले की चष्मा, हे समीकरण किती रुजले होते, ते यावरून दिसते.

हे समीकरण व्यापारातही उतरले. १४६२ मध्ये मिलानचा ड्यूक फ्रांचेस्को स्फोर्झा याने फ्लॉरेन्सहून तीन डझन चष्मे मागवले. त्याच्या पत्रातली विभागणी लक्षात ठेवा : एक डझन लांबचे पाहण्यासाठी, म्हणजे तरुणांचे, एक डझन जवळचे पाहण्यासाठी, म्हणजे वृद्धांचे, आणि एक डझन सर्वसाधारण नजरेचे. तरुण म्हणजे अंतर्वक्र भिंग, वृद्ध म्हणजे बहिर्वक्र भिंग, हा हिशेब तेव्हाच पक्का झाला होता.

३. औषध होते, निदान नव्हते

आता एक तरुण शिवणकाम करणारी स्त्री डोळ्यांसमोर आणा. तिला लांबचे स्वच्छ दिसते. सकाळी सुईत दोराही सहज ओवता येतो. पण तासाभराने टाके धूसर होतात, कपाळ दुखू लागते, डोळ्यांत पाणी येते. थोडा वेळ डोळे मिटले की बरे वाटते. पुन्हा काम सुरू केले की पुन्हा तेच. घड्याळजी, कारकून, छापखान्यात खिळे जुळवणारे आणि रात्री दिव्याजवळ वाचणारे विद्यार्थी यांचीही हीच तक्रार असे.

या तक्रारीला वैद्यकात ‘अस्थेनोपिया’, म्हणजे दृष्टीची दुर्बलता, असे नाव होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत अनेक डॉक्टर हा डोळ्याच्या पडद्याचा किंवा मज्जातंतूचा अशक्तपणा समजत. बहिर्वक्र भिंग लावले तर आराम पडतो, हे काहींना दिसत होते. तरीही तरुणाला म्हाताऱ्याचे भिंग दिल्यास डोळे आळशी होतील, आणखी बिघडतील, अशी भीती होती. मग उपाय काय? विश्रांती घ्या, बारीक काम थांबवा, जमल्यास धंदाच बदला. ज्याचे पोट त्या बारीक कामावर होते, त्याला हा सल्ला परवडणारा नव्हता.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून येथे थांबा. उपयोगी पडणारे भिंग चष्मेवाल्यांकडे विकायला होते. अडथळा तंत्रज्ञानाचा नव्हता, वर्गीकरणाचा होता.

४. डोंडर्स यांनी काय दाखवले?

डोळा जवळचे कसे पाहतो, याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळाले. १६०४ मध्ये केप्लर यांनी प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडते हे स्पष्ट केले. १८०१ मध्ये थॉमस यंग यांनी जवळचे पाहताना डोळ्यातले भिंगच आकार बदलते असे प्रयोगांनी दाखवले. डोळ्यातील एक लहान स्नायू आकुंचन पावला की भिंग अधिक फुगीर होते. यालाच समायोजन म्हणतात. वयानुसार भिंग ताठर होते आणि समायोजन घटते. हीच आपली चाळिशी.

नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथील फ्रान्सिस्कस डोंडर्स (१८१८–१८८९) यांनी पुढचा प्रश्न विचारला : समायोजन उत्तम असूनही तरुणाचे डोळे का थकतात? त्यांनी अ‍ॅट्रोपिनचे थेंब घालून हा स्नायू तात्पुरता सैल केला, तेव्हा अशा अनेक रुग्णांत दडलेला दोष उघड झाला. त्यांचा डोळा पुढून मागे थोडा आखूड असल्याने प्रतिमा पडद्यामागे पडत होती. ही दूरदृष्टिता. तरुण डोळा स्नायूच्या जोरावर ती झाकून टाकत होता.

साधा हिशेब करा. निर्दोष डोळ्याला ३३ सेंटिमीटरवरचे अक्षर वाचताना सुमारे ३ डायॉप्टर समायोजन लागते. (डायॉप्टर हे एकक १८७२ मध्ये सुचवले गेले, आपण ते सोयीसाठी वापरत आहोत.) ज्याला ३ डायॉप्टर दूरदृष्टिता आहे, त्याचे ३ डायॉप्टर लांबचे झाड पाहण्यातच खर्च होतात. पुस्तकासाठी त्याला ६ लागतात, तेही तासन्‌तास. स्नायू थकणारच. तितक्याच शक्तीचे बहिर्वक्र भिंग लावले की जादा भार उतरतो. म्हणजे भिंग डोळ्याला आळशी करत नव्हते. त्याच्यावरचे ओझे काढून घेत होते.

डोंडर्स यांचा या विषयावरील मोठा ग्रंथ १८६४ मध्ये लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. वृद्धदृष्टिता हा वयाचा परिणाम आहे, तर दूरदृष्टिता ही डोळ्याच्या घडणीची बाब आहे आणि ती कोणत्याही वयात असू शकते, हा भेद त्यातून स्थिर झाला. चष्मा ठरवताना वय विचारण्याऐवजी डोळा मोजणे सुरू झाले.

५. आजचा प्रश्न

आज बारीक काम पडद्यावर असते. ‘थकवा कमी करणारी’ म्हणून मिळणारी काही भिंगे डोंडर्स यांच्याच तत्त्वावर चालतात : खालच्या भागात थोडी जादा शक्ती, म्हणजे स्नायूला थोडा आधार. निळा प्रकाश गाळणाऱ्या भिंगांची गोष्ट वेगळी. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा प्रसिद्ध केला. संगणकावर काम करताना येणारा डोळ्यांचा ताण या भिंगांमुळे अल्पकाळात कमी होत असल्याचे त्यात दिसले नाही. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात आणि डोळे कोरडे पडतात. त्यावर भिंगाचा उपाय नाही. म्हणून चष्मा घेण्यापूर्वी कारण विचारा, डोळे तपासून घ्या.

दुसरी बाजूही पाहा. आसाममधील चहामळ्यांत ४० वर्षांवरील ७५१ कामगारांवर केलेली चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना जवळचे चष्मे लगेच दिले, उरलेल्यांना चाचणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. भिंग सातशे वर्षांपूर्वीचे, निदान दीडशे वर्षांपूर्वीचे. तरीही ते या मळ्यापर्यंत पोहोचलेले नव्हते.

६. सारांश

शोध लागणे, त्याचे कारण समजणे आणि तो गरजूपर्यंत पोहोचणे, या तीन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्यामध्ये शतके जाऊ शकतात. त्या शतकांची किंमत शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने आणि पानतोडणी करणाऱ्या कामगाराने मोजलेली असते.

विचारासाठी प्रश्न

१. १४६२ च्या पत्रातील विभागणीने पुढील वैद्यकीय समजुतीवर कसा परिणाम केला असेल?
२. ‘अडथळा वर्गीकरणाचा होता’ हे विधान दुसऱ्या एखाद्या शोधाच्या उदाहरणाने तपासा.
३. तुमच्या भाषेत वाचनाच्या चष्म्याला कोणता शब्द आहे? त्यात वय दडलेले आहे का?