व्यक्तिमत्त्व-प्रकार आणि स्वमग्न प्रौढांची स्वतःची ओळख

माणसांचे स्वभाव ठरावीक गटांत वाटायचे आणि प्रत्येक गटाला नाव द्यायचे, या पद्धतीला व्यक्तिमत्त्व-प्रकारनिश्चिती म्हणतात. स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा असा गट नाही. ती मेंदूच्या जडणघडणीतली भिन्नता आहे. ती लहानपणापासून असते आणि आयुष्यभर राहते. मात्र ज्यांचे निदान बालपणी झाले नाही, अशा अनेक प्रौढांना ‘मी इतरांपेक्षा वेगळा का?’ या प्रश्नाचे पहिले उत्तर मिळते ते एखाद्या व्यक्तिमत्त्व-चाचणीतून. ते उत्तर कुठवर उपयोगी पडते आणि कुठे दिशाभूल करते, हे या नोंदीत चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरच्या संदर्भात पाहिले आहे. ऊर्जानगर ही चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची वसाहत.

स्वभावाची वर्गवारी मराठी घराला नवी नाही. पत्रिका जुळवताना देवगण, मनुष्यगण, राक्षसगण पाहतात. वैद्य वात, पित्त, कफ या प्रकृती सांगतात. रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्ख, पढतमूर्ख, रजोगुणी, तमोगुणी यांची लक्षणे सांगितली ती वाचणाऱ्याने स्वतःला तपासावे म्हणून. आज प्रचलित असलेल्या सोळा प्रकारांचे मूळ कार्ल युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथात आहे. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली रचली. ती १९६२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात माणूस एक तर अंतर्मुख ठरतो, नाही तर बहिर्मुख. प्रत्यक्षात बहुतेक माणसे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात, म्हणून थोड्या आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा सोडवली तर अनेकांचा प्रकार बदलतो. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाचा १९४८ चा प्रयोग इथे ध्यानात ठेवायला हवा. त्याने ३९ विद्यार्थ्यांना ‘तुमचे व्यक्तिमत्त्व’ म्हणून एकच मजकूर दिला. तो बराचसा राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतलेला होता. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

एवढे असूनही स्वमग्न प्रौढांना या चाचण्या जवळच्या वाटतात, आणि निदानाचा इतिहास पाहिला तर ते समजण्यासारखे आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नता वैद्यकासमोर मांडली. हान्स अ‍ॅस्पर्गर यांचा १९४४ चा जर्मन लेख इंग्रजी वाचकांत सर्वदूर पोचला तो लॉर्ना विंग यांच्या १९८१ च्या निबंधामुळे. चांगले बोलणाऱ्या, शिकलेल्या माणसालाही हे निदान लागू होऊ शकते, हे मनोविकारांच्या अमेरिकी निदानपुस्तिकेने १९९४ साली मान्य केले आणि २०१३ साली सगळे उपप्रकार एका वर्णपटात आणले. चंद्रपूरच्या वीजकेंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. त्या काळात शाळेत असलेल्या अशा मुलाला देण्याजोगे नावच आपल्या डॉक्टरांकडे नव्हते. घुम्या, एककल्ली, विक्षिप्त हीच नावे वाट्याला आली. ‘अंतर्मुख विचारवंत’ हे चाचणीतले नाव त्यांच्याहून पुष्कळ दयाळू आहे.

अडचण प्रश्नांच्या घडणीत आहे. ‘लोकांत मिसळल्यावर तुम्हाला उत्साह वाटतो का?’ असे विचारले, तर शब्दाचा नेमका अर्थ घेणारा माणूस अडतो: कोणते लोक, किती, कुठे? समजा, ऊर्जानगरातला एखादा तंत्रज्ञ टर्बाइनच्या कंपनांवर सहकाऱ्याशी तासभर रंगून बोलतो, पण गणेशोत्सवाच्या मंडपात पाच मिनिटे थांबू शकत नाही. चाचणी त्याला अंतर्मुख ठरवील. खरे कारण लाउडस्पीकरचा आवाज, दिव्यांची उघडझाप आणि एकाच वेळी चाललेली दहा बोलणी हे असू शकते. माणसे त्याला हवी आहेत, गोंगाट सोसवत नाही. कारण कळले तर उपाय निघतो: आरतीला न जाता सकाळी गर्दी नसताना दर्शनाला जाता येते. नुसता प्रकार कळला, तर ‘माझा स्वभावच असा’ म्हणून दार लागते.

दुसरी अडचण भावना ओळखण्याची. आपल्याला राग आला आहे, भीती वाटते आहे की भूक लागली आहे, हे चटकन न उमगणे याला अ‍ॅलेक्सिथायमिया म्हणतात. ही संज्ञा पीटर सिफनिओस यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष सांगतात की स्वमग्न व्यक्तींपैकी सुमारे निम्म्यांत ती आढळते. अशा माणसाने ‘तुम्ही मनाने निर्णय घेता की बुद्धीने?’ याला ‘बुद्धीने’ असे उत्तर दिले, म्हणून तो कोरडा ठरत नाही.

तिसरी अडचण मुखवट्याची, आणि ती सगळ्यांत जड आहे. डोळ्याला डोळा भिडवणे, हसण्याची वेळ साधणे, गप्पांची वाक्ये आधी पाठ करून ठेवणे, हे वर्षानुवर्षे केल्यावर चाचणीत उत्तर कोण देते, माणूस की त्याचा मुखवटा? ही लपवणूक मोजणारी पंचवीस विधानांची प्रश्नावली २०१९ साली प्रसिद्ध झाली. स्त्रियांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष महत्त्वाचा. पाहुण्यांची सरबराई, हळदीकुंकू, नात्यागोत्यांची विचारपूस हे सारे सुनेला जमलेच पाहिजे असे जिथे धरले जाते, तिथे ती ते शिकून घेते आणि रात्री गळून जाते. तिचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही. दीर्घ काळ असे रेटत राहिल्याने महिनोन्‌महिने टिकणारा थकवा येतो, येत असलेली कामे जमेनाशी होतात, आवाज-उजेड अधिकच असह्य होतात. संशोधकांनी २०२० साली या अवस्थेची व्याख्या केली. तिला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

संशोधक प्रकारांऐवजी पाच गुणांच्या मोजपट्टीला अधिक मानतात. तिच्यावर स्वमग्न व्यक्तींची सरासरी बहिर्मुखतेत कमी आणि चिंताशीलतेत जास्त येते. पण सरासरी म्हणजे माणूस नव्हे. बडबडे, माणूसवेडे स्वमग्न लोकही असतात. सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांची २००१ ची पन्नास प्रश्नांची चाचणी केवळ चाळणी आहे, निदान नाही. डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडलेला विचार तर सगळ्या चाचण्यांच्या पलीकडे जातो. त्यांच्या मते न समजण्याचा दोष एकट्या स्वमग्न माणसाचा नसतो. समोरच्यालाही तो तितकाच समजत नसतो.

म्हणून चाचणीने दिलेल्या प्रकारापेक्षा स्वतःच्या नोंदी मोलाच्या. कोणता आवाज, वास, कापड सहन होत नाही; कामाची पाळी बदलली की झोपेचे काय होते; आयत्या वेळी बेत मोडला तर काय होते; कशात मन तासन्‌तास रमते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, हवेत कोळशाची धूळ असते आणि कामाच्या पाळ्या फिरत्या असतात. इथे या नोंदी अधिकच बोलक्या ठरतील. दुसरीकडे, वीजकेंद्रातली कामाची लेखी पद्धत, लॉगबुक आणि परवाना घेऊनच यंत्राला हात लावण्याची शिस्त अनेक स्वमग्न लोकांना मानवणारी आहे.

बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ १९४९ साली आनंदवन उभारले, तेव्हापासून हा जिल्हा कुष्ठरुग्ण आणि अपंगांसाठीच्या कामाने ओळखला जातो. डोळ्यांना न दिसणारी अडचण मात्र इथेही मागेच राहिली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. शासकीय आस्थापनेने कामाच्या जागी वाजवी सोयी द्याव्यात, असे त्याचे विसावे कलम सांगते. प्रमाणपत्रासाठी चाळीस बाबींचे भारतीय मापन वापरतात: ७० ते १०६ गुण सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. व्यक्तिमत्त्व-चाचणीचा निकाल इथे ग्राह्य नाही. बालपणाचा इतिहास लागतो. तेव्हा तपासणीला जाताना शाळेची प्रगतिपुस्तके आणि आपल्या नोंदी सोबत न्याव्यात, शक्य असल्यास लहानपण पाहिलेली आई किंवा थोरली बहीणही बरोबर असावी. मनोविकारतज्ज्ञांसाठी चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळचे, नागपूर सुमारे दीडशे किलोमीटरवर. शासनाची टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.