नाव, चेहरा आणि अनुज्ञा : तंबाखूच्या कार्डांचा एक पैलू

अमेरिकेतील सिगारेटच्या पाकिटांतून मिळणारी खेळाडूंची कार्डे आज केवळ संग्राहकांचा विषय मानली जातात. व्यक्तीच्या नावावर सत्ता कोणाची, या प्रश्नाच्या इतिहासातही त्यांना स्थान आहे, हे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

प्रारंभी ही कार्डे मऊ पाकिटाला आधार म्हणून घालीत. १८८१ मध्ये बॉन्सॅकच्या यंत्रास पेटंट मिळाले व पुढे सिगारेटींचे उत्पादन अतोनात वाढले. एकसारख्या मालातून आपलाच माल गिऱ्हाइकाने निवडावा यासाठी चित्रांचा उपयोग होऊ लागला. १८८७ मध्ये रिचमंड येथील ॲलन अँड जिंटर कंपनीने ५० विजेत्यांची माला काढली. तीत बेसबॉलपटूंबरोबर मुष्टियोद्धे, मल्ल आणि नेमबाज ॲनी ओकली यांचाही समावेश होता.

वृत्तपत्रात खेळाडूचे नाव केवळ त्याचा निर्देश करते. पाकिटात तेच नाव मालाची शिफारस करते. खेळाडू स्वतः मात्र काहीच बोललेला नसतो. तेव्हा हे बोलणे कोणाचे?

१९०२ मध्ये ॲबिगेल रॉबर्सन या तरुणीचे चित्र तिच्या संमतीवाचून पिठाच्या जाहिरातीवर छापले गेले असताही न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने तिची मागणी फेटाळली. त्यावर लोकक्षोभ उसळला आणि १९०३ मध्ये त्या राज्याने व्यापारी उपयोगासाठी जिवंत व्यक्तीची लेखी संमती आवश्यक ठरविली.

अमेरिकन टोबॅको कंपनीची १९०९ ते १९११ मधील प्रसिद्ध माला, संग्राहकांची 'टी २०६', ही त्यानंतरची होय. पिट्सबर्गचा खेळाडू होनस वॅग्नर याने तीत आपले चित्र देण्यास नकार दिला. मुलांनी तंबाखूच्या नादी लागू नये म्हणून, असे काही म्हणतात. मोबदल्याचा वाद होता, असे इतर म्हणतात. तो स्वतः तंबाखू खात असे व पूर्वी एका चिरुटावर त्याचे चित्र आले होते, हे लक्षात घेता पहिले कारण निर्णायक मानता येत नाही. हेतू कोणताही असो, त्याची कार्डे फारच थोडी बाहेर पडली. २०२२ मध्ये त्यांतील एक ७२ लक्ष ५० हजार डॉलरांस विकले गेले.

पुढे १९५३ मध्ये च्युइंगगमच्या दोन कंपन्यांमधील खटल्यात, आपल्या छायाचित्राच्या प्रसिद्धिमूल्यावर खेळाडूचा हक्क असतो, हे अमेरिकेच्या संघीय अपील न्यायालयाने मान्य केले. लिलावातील किमतीपेक्षा नकाराचा हा अधिकारच या कार्डांच्या इतिहासातील अधिक मोलाचा भाग म्हटला पाहिजे.