तळेगाव ढमढेरे आणि 1751 ची मोगल-फ्रेंच स्वारी

शिरूर तालुक्यात वेळ नदीकाठी वसलेले तळेगाव ढमढेरे हे अहमदनगरहून पुण्याकडे येणाऱ्या जुन्या लष्करी वाटेवर, रांजणगाव आणि कोरेगाव यांच्या दरम्यान येते, आणि या स्थानामुळेच 1751 च्या अखेरीस ते उद्ध्वस्त झाले. निजामुल्मुल्क 1748 मध्ये वारल्यावर दख्खनच्या सुभेदारीसाठी, म्हणजे मोगल बादशहाच्या नावाने दक्षिणेतील सुभ्यांचा कारभार पाहण्याच्या अधिकारासाठी, त्याच्या वारसांत तंटा लागला. त्यात फ्रेंच सेनानी बुसी याने सलाबतजंगाला गादीवर बसवले, तर पेशवे बाळाजी बाजीराव यांनी त्याचा थोरला भाऊ गाजीउद्दीन याचा पक्ष घेतला.

सलाबतजंगाची फौज अहमदनगरवरून पुण्याच्या रोखाने निघाली, तेव्हा तिची खरी ताकद बुसीच्या कवायती पायदळात, म्हणजे रांगेने उभे राहून हुकमाबरोबर बंदुका झाडणाऱ्या शिपायांत, आणि झटपट मारा करणाऱ्या हलक्या तोफांत होती. चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडीकाठी मराठ्यांच्या तळावर अचानक छापा पडला, पेशव्यांची पूजेची सोन्याची उपकरणीही शत्रूच्या हाती लागल्याचे सांगितले जाते. त्यानंतर रांजणगाव लुटत आणि तळेगाव पुरते बेचिराख करत ही फौज भीमाकाठच्या कोरेगावापर्यंत आली. तेथे दत्ताजी शिंदे, महादजीपंत पुरंदरे आणि कोन्हेर त्रिंबक एकबोटे यांनी निकराचा हल्ला चढवून मोगल घोडदळ हटवले, पण फ्रेंच तोफांनी मोगलांचा पुरता पराभव टाळला.

गावे जाळल्याने मात्र स्वारीचा निकाल लागला नाही, कारण मराठी स्वार मोगल फौजेची रसद, म्हणजे धान्य आणि वैरणीचा पुरवठा, तोडत राहिले, पगार थकल्याने सलाबतजंगाचे शिपाई बिथरले आणि पूर्वेकडे रघूजी भोसल्यांनी वऱ्हाडात जोर धरला. परिणामी 1752 च्या आरंभी तात्पुरता तह करून सलाबतजंग परतला, आणि त्याच वर्षी गाजीउद्दीन वारल्यानंतर झालेल्या भालकीच्या तहाने वऱ्हाडाच्या पश्चिम भागासह खानदेश व बागलाणचा मुलूख मराठ्यांकडे आला.

कवायती पायदळ आणि चपळ तोफा यांपुढे घोडदळाचा हल्ला अपुरा पडतो, हे या मोहिमेत दिसून आले; पुढे बुसीच्या पद्धतीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या चाकरीत आला आणि 1760 मध्ये उदगीरला व 1761 मध्ये पानिपतावर त्यांच्या बाजूने लढला. पुणे दरबाराला मिळालेल्या या धड्याचा पहिला भार तळेगावसारख्या वाटेवरच्या गावांनी सोसला होता, आणि तहात मिळालेल्या मुलखाने त्यांच्या जळालेल्या घरांची भरपाई होण्यासारखी नव्हती.