पिन्यन : वाळवंटातील चिलगोजा
अमेरिकेतील नेवाडा, युटा या राज्यांच्या रखरखीत डोंगरउतारांवर एकपर्णी पिन्यन हा बुटका पाइन वृक्ष आढळतो. अन्य पाइनच्या सुया झुपक्याने येतात; याची मात्र एकेकटी. आपल्या बाजारातील चिलगोज्यासारख्या याच्या बियांवर शोशोनी व पायूट आदिवासींनी पिढ्यानपिढ्या हिवाळे काढले. शंकू पिकण्यास सुमारे दोन वर्षे लागतात आणि भरघोस पीक काही वर्षांतून एकदाच येते. बीला पंख नसल्याने ती वाऱ्यावर उडत नाही. पिन्यन-जे हा निळा पक्षी ती जमिनीत पुरून ठेवतो. त्याच्याकडून राहून गेलेली उगवते. १९५० व १९६०च्या दशकांत मात्र गुरांच्या कुरणांसाठी दोन बुलडोझरमध्ये जहाजाच्या नांगराची साखळी बांधून ही बने आडवी करण्यात आली. गवताच्या हिशेबात झाड निरुपयोगी ठरले होते! नेवाडाचा राज्यवृक्ष हाच.